मारिएनतालचा रिकामा वेळ

माणसाचे मन कशाने स्वस्थ राहते, या प्रश्नाची उत्तरे संतांनी दिली, वैद्यांनी दिली आणि अलीकडच्या काळात मानसशास्त्रज्ञांनीही दिली. त्यांतली बहुतेक उत्तरे मनाच्या आत डोकावून शोधलेली आहेत. एक उत्तर मात्र चक्क गावच्या हमरस्त्यावर, हातात घड्याळ धरून शोधले गेले. ऑस्ट्रियातील मारिएनताल नावाच्या एका गिरणीगावात १९३१-३२ च्या हिवाळ्यात काही तरुण अभ्यासक जाऊन मिसळले आणि तेथील माणसे सकाळी किती वाजता उठतात, दुपारच्या जेवणापर्यंत काय करतात, वाचनालयातून किती पुस्तके नेतात, रस्त्याने चालताना किती वेळा थांबतात, अशा वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी त्यांनी टिपून घेतल्या. त्या टिपणांतून जे छोटेसे पुस्तक सिद्ध झाले, त्याची गणना आज समाजशास्त्रातील अभिजात ग्रंथांत होते. तथापि ग्रंथाच्या कीर्तीपेक्षा त्या गावाची कहाणीच अधिक बोलकी आहे.

व्हिएन्नाच्या आग्नेयेस वीस-पंचवीस किलोमीटरवर, फिशा नावाच्या लहानशा नदीकाठी, ग्रामाटनॉयझीडल या गावाला लागून ही वसाहत उभी राहिली. १८३० साली हेर्मान टोडेस्को या उद्योजकाने तेथे सूतगिरणी काढली. पुढे कताईच्या जोडीला विणकाम आले, कापड धुण्याचे आणि छपाईचे खाते आले. कामगारांसाठी गिरणीने चाळी बांधल्या, दवाखाना काढला. बाप ज्या मागावर उभा राहिला त्याच्या शेजारच्या मागावर मुलगा आणि सूनही उभी राहावी, असा तीन-चार पिढ्यांचा क्रम तेथे चालला. मुंबईचे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. वसाहतीचे सारे आयुष्य गिरणीभोवती गुंफलेले होते. तरीही ते गिरणीच्या फाटकापाशी संपत मात्र नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ऑस्ट्रियात आठ तासांच्या दिवसाचा कायदा कायम झाला. कामावरून सुटल्यावर उरणाऱ्या वेळात येथील कामगारांनी वाचनालय चालवले, नाटकमंडळी काढली, फुटबॉलचा संघ उभा केला. राजकारणावर तर रोजच्या रोज तावातावाने वादविवाद होत. जमीनदारी थाटाचे एक जुने उद्यान गावात होते. रविवारी लोक नीटनेटके कपडे घालून तेथे फिरावयास जात.

१९२९ साली मंदीची झळ लागली आणि हा डोलारा काही महिन्यांत कोसळला. जुलैमध्ये सूतकताई बंद झाली, ऑगस्टमध्ये छपाई, सप्टेंबरमध्ये कापड धुण्याचे खाते. १२ फेब्रुवारी १९३० रोजी शेवटचे माग थांबले. मालकांनी यंत्रे मोडीत काढली आणि इमारतीही पाडावयास घेतल्या. कालपर्यंत ज्या खात्यात उभे होतो त्याच्या पडक्या भिंती आणि गंजलेली बॉयलरे घराच्या खिडकीतून पाहत बसणे, एवढेच कामगारांच्या वाट्याला आले. गावात त्या वेळी १,४८६ माणसे होती, ४७८ कुटुंबे होती. त्यांपैकी ३६७ कुटुंबांत नियमित कामावर जाणारे एकही माणूस उरले नव्हते. म्हणजे बेकारी ही कुणा एकाची आपत्ती राहिली नव्हती. ती त्या गावची हवाच झाली होती.

या गावाकडे अभ्यासकांची पावले कशी वळली, त्याची हकीगत मोठी मासलेवाईक आहे. व्हिएन्ना विद्यापीठात कार्ल आणि शार्लोट ब्यूलर या दांपत्याच्या हाताखाली मानसशास्त्राचे एक उमदे केंद्र उभे राहिले होते. तेथील पाउल लाझार्सफेल्ट या तिशीच्या विद्वानाच्या मनात कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करावयाचे होते. कामाचे तास कमी झाले. आता उरलेल्या वेळाचे लोक काय करतात, हा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटत होता. समाजवादी पक्षाचे नेते ओटो बाउअर यांच्या कानावर त्याने ही कल्पना घातली, तेव्हा त्यांनी तिची थट्टाच केली. देशात लाखो लोक कामावाचून बसलेले असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मारिएनतालचे नावही त्यांनीच सुचवले. बाउअर यांचा टोला योग्यच होता. पण गंमत अशी की लाझार्सफेल्टचा मूळ विषय त्यामुळे सुटला नाही. मारिएनतालमध्ये त्याला जी फुरसत पाहावयास मिळाली, तिच्याएवढी अमर्याद फुरसत युरोपातील कामगाराला पूर्वी कधी लाभली नव्हती.

मुख्य काम तिघांचे. लाझार्सफेल्टखेरीज मारी याहोदा या चोवीस वर्षांच्या विदुषी आणि हान्स झाइझेल हा कायद्याचा पदवीधर. पुस्तकाचा मुख्य भाग याहोदा यांनी लिहिला. प्रत्यक्ष गावात राहून घरोघर फिरण्याचा मोठा भार लोटे डान्त्सिंगर यांनी उचलला. या मंडळींनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते आणि ते त्यांच्या शास्त्राइतकेच आदरणीय आहे. कुणीही केवळ बघ्या किंवा वार्ताहर म्हणून गावात वावरावयाचे नाही. गावाला उपयोगी पडेल असे काहीतरी काम अंगावर घेऊनच जावयाचे. त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले, ते नीट करून सुमारे २०० नग वाटले. कुणाला काय हवे हे विचारण्याच्या निमित्ताने १०० कुटुंबांत जाणे झाले. फुकट वैद्यकीय तपासणीचे दिवस ठेवले, बायकांसाठी कपडे बेतण्याचे वर्ग काढले, मुलींसाठी व्यायामाचे. अशा रीतीने १२० दिवसांच्या कामातून जमा झालेल्या कागदपत्रांचे वजन ३० किलो भरले. सरकारी पाहण्यांची बाडे ज्यांनी चाळली आहेत त्यांना ३० किलोंचे नवल वाटणार नाही. नवल आहे ते त्यांतून निघालेल्या शंभर-सव्वाशे पानांच्या निवेदनाचे.

वाचनालयाच्या नोंदवहीपासूनच सुरुवात करावी. आठ तास मागावर राबून येणारा माणूस जर पुस्तके वाचत होता, तर दिवसभर मोकळा असलेला माणूस अधिक वाचील, असेच कुणीही म्हणेल. वर्गणीही माफ केलेली होती. प्रत्यक्षात १९२९ ते १९३१ या काळात पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. जे वाचक उरले, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याची पुस्तकेही सव्वातीनवरून दीडच्या आसपास घसरली. पक्षाच्या दैनिकाची गत हीच. बेकारांना ते सवलतीत मिळत असतानाही १९२७ ते १९३० या तीन वर्षांत त्याचे वर्गणीदार ६० टक्क्यांनी घटले. करमणुकीचा मजकूर देणाऱ्या हलक्याफुलक्या पत्राची घट त्या मानाने पुष्कळच कमी. उद्यानात गवत माजले, वाटा बुजल्या. गावातील शेकडो हात रिकामे होते, पण खुरपे घेऊन कुणी तिकडे फिरकले नाही. मराठी म्हणीतला रिकामा न्हावी निदान कुडाला तुंबड्या तरी लावतो. मारिएनतालच्या विणकराच्या हातून तेवढेही होईना.

दिवस कसा गेला याचे तासवार तक्ते ८० माणसांकडून भरून घेतले होते. पुरुषांच्या तक्त्यांत उठणे, दुपारचे जेवण आणि झोपणे हे तीन खुंट तेवढे पक्के. त्यांच्या मधल्या जागा कशाने भरल्या हे लिहिणाऱ्याला स्वतःलाच आठवत नसे. मुलांना शाळेसाठी उठवले, सरपण आणले, कोपऱ्यावर उभा राहिलो, एवढ्यात सारी सकाळ संपते. पाच मिनिटांच्या कामापुढे अख्खा तास लिहिलेला असे, आणि त्यात लबाडी नव्हती. ज्याला वेळाचा हिशेब कुणालाच द्यावयाचा नाही, त्याच्या हातून मिनिटे कशी गळतात हे त्यालाही कळत नव्हते. शंभर पुरुषांची पाहणी केली तेव्हा ८८ जणांजवळ घड्याळ नव्हते. त्यांपैकी ३१ जणांकडे ते घरी पडून होते. घड्याळ विकण्याची पाळी आली असती तर ती दारिद्र्याची खूण. पण घरात असलेले घड्याळ माणूस जेव्हा खिशात घालीनासा होतो, तेव्हा ते कशाचे लक्षण मानावे?

मग आली ती रस्त्यावरची प्रसिद्ध पाहणी. एका खिडकीआड बसून अभ्यासकांनी दुपारच्या वेळी हमरस्त्याच्या सुमारे ३०० मीटरच्या टप्प्यावरून जाणाऱ्या शंभर माणसांची चाल मोजली. ६८ पुरुष होते, ३२ स्त्रिया. पुरुषांपैकी दोन-तृतीयांश जण तेवढ्या अंतरात दोनदा किंवा त्याहून अधिक वेळा थांबले. न थांबता सरळ गेले ते दहांत एखादाच. स्त्रियांचा प्रकार उलटा. त्यांच्यापैकी फारच थोड्या वारंवार थांबल्या आणि त्यांची चालही एकंदरीत जलद होती. एकच गाव, एकच रस्ता, एकच दारिद्र्य; पण बाईला चुलीवरचे भांडे दिसत होते आणि पुरुषाला पुढे काहीच दिसत नव्हते.

स्त्रियांविषयीचे हे निरीक्षण या पुस्तकाचे मर्म आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. गिरणी चालू असताना या बायका दिवसभर मागावर उभ्या राहून रात्री धुणीभांडी करीत. आता मागाचे काम गेले, घरचे राहिले. किंबहुना ते वाढलेच, कारण पैसा निम्म्याहून कमी झाला आणि जुन्या कपड्यांना ठिगळे लावून, सारखेची जागा सॅकरीनने भागवून संसार रेटावयाचा होता. त्यांच्या तक्त्यांत रिकामी जागा नव्हती. त्यांची तक्रार होती ती नवऱ्यांविषयी: दिवसभर काही करावयाचे नसूनही हे जेवायला म्हणून वेळेवर येत नाहीत. आणि तरीही, पुन्हा गिरणीत जाल का, असे विचारल्यावर बहुतेकींनी होकार दिला. पैशासाठी तर खराच, पण तेवढ्यासाठीच नाही. चार भिंतींबाहेर चार माणसांत वावरण्याची त्यांना भूक होती.

आठवड्याचीही मोडतोड झाली. पूर्वी रविवार हा आठवड्याचा कळस. आता सगळेच वार सारखे, मग रविवारला काय अर्थ उरणार? त्याची जागा दर पंधरवड्याला बेकारी भत्ता मिळण्याच्या दिवसाने घेतली. त्या दिवशी कर्ज फेडले जाई, थोडेफार धड अन्न शिजे, आणि पुढचा पंधरवडा पुन्हा उतरणीला लागे. भत्त्याच्या आदल्या दिवशी शाळेत आणलेली मुलांची न्याहारी शिक्षकांनी पाहिली, तर निम्म्या मुलांजवळ कोरडा पाव होता, काहींजवळ तोही नव्हता. शाळेत जाणाऱ्या मुलांपुरताच काय तो आठवडा शिल्लक राहिला होता. नाताळात काय हवे यावर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. आजूबाजूच्या गावांतील मुलांच्या मागण्यांची किंमत सरासरी ३६ शिलिंग भरली, मारिएनतालच्या मुलांची १२. मुले हट्ट करतात हा जगाचा अनुभव; येथे ती मागतानाच अडखळत होती, आईबापांजवळ पैसे असते तर, अशा पालुपदाने निबंध सुरू करीत होती.

येथे एक शंका रास्तपणे उभी राहते. हे सारे दारिद्र्याचे फळ की रिकामपणाचे? अभ्यासकांनी ती टाळली नाही. भेट दिलेल्या १०० कुटुंबांचे त्यांनी चार गट पाडले. न खचलेली १६. निमूटपणे दिवस ढकलणारी ४८. निराशेने पोखरलेली ११. आणि घरदार, मुले, कशाचेच भान न उरलेली, सुन्न झालेली २५. मुलांचा वाटा कमी धरून दर माणशी महिन्याचे उत्पन्न काढले तेव्हा पहिल्या गटात ते ३४ शिलिंग, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २५ आणि चौथ्यात १९ भरले. मनाच्या या चार अवस्थांत पाच-पाच शिलिंगांचेच अंतर होते! पोट आणि मन यांची अशी बरोबरीने उतरणारी पायरी दुसरीकडे क्वचितच मोजली गेली असेल. तेव्हा नियमित दिनचर्या ठेवा म्हणजे दारिद्र्य बाधणार नाही, असा सोयीस्कर उपदेश या पुस्तकातून कुणी काढू नये. उलट याचा अर्थ असा की पैसा आणि दिनचर्या ही दोन्ही एकदम गेली होती आणि एकीची उणीव दुसरीने भरून काढण्याचा मार्गच बंद झाला होता. चोरून काही किरकोळ काम करावे तर भत्ता बंद होण्याची भीती. कायद्याने मदत दिली आणि त्याच कायद्याने हातही बांधले.

तरी काही जणांनी धरून ठेवलेल्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. वसाहतीजवळ कामगारांना भाजीपाल्यासाठी लहान लहान वाफे मिळालेले होते. त्यांत बटाटे आणि कोबी लावावयाचे सोडून काहींनी गुलाब आणि ट्यूलिपची रोपे लावली. पोटाला पुरत नसताना फुले कशाला, असे विचारले तर, जीव नुसत्या अन्नावर जगत नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळे. हिशेबाच्या वहीत ही उधळपट्टीच ठरेल. पण ज्या घरासमोर फुलांना रोज पाणी घातले जात होते, त्या घराला निदान सकाळ आणि संध्याकाळ होती.

समाजवादी विचारांच्या या तरुण अभ्यासकांपुढे या निष्कर्षांनी एक अवघड पेच टाकला होता. बेकारीने पिचलेला कामगार उठाव करील, अशी त्या काळी अनेकांची अपेक्षा आणि अनेकांची धास्ती होती. मारिएनतालमध्ये उठाव झाला नाही. पक्षाचे सभासद गळाले, सभांना माणसे येईनाशी झाली, शेजाऱ्याविरुद्ध निनावी तक्रारअर्ज मात्र वाढले. आपल्या मताला न मानवणारे सत्य त्यांनी जसेच्या तसे छापले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९३४ मध्ये, ऑस्ट्रियातील समाजवादी चळवळ शस्त्रबळाने चिरडली गेली.

पुस्तक १९३३ साली लाइपझिग येथे प्रसिद्ध झाले. त्या वर्षीच्या जानेवारीत हिटलर जर्मनीच्या सत्तेवर आलेला होता. लेखकांची नावे ज्यू असल्याने प्रकाशकाने ती मुखपृष्ठावर घातलीच नाहीत. पुस्तक लोकांच्या हाती फारसे पडले नाही. जर्मनमध्ये त्याचे पुनर्मुद्रण १९६० साली आणि इंग्रजी भाषांतर १९७१ साली निघाले. ती ३० किलोंची कागदपत्रे तर कायमची नाहीशी झाली. लाझार्सफेल्ट १९३३ साली अमेरिकेस गेला, झाइझेल १९३८ साली. याहोदा यांना ऑस्ट्रियाच्या तत्कालीन राजवटीने १९३६ साली अटक केली आणि काही महिन्यांच्या तुरुंगवासानंतर, देश सोडून जाण्याच्या अटीवर, १९३७ साली मुक्त केले.

इंग्लंडात पोचल्यावर त्यांनी वेल्समधील बेकार खाणकामगारांत राहून पुन्हा तोच प्रश्न हाती घेतला. तेथे क्वेकर पंथाच्या पुढाकाराने एक योजना चालली होती: बेकारांनी भत्ता घेत राहावे आणि मजुरीशिवाय एकत्र काम करून आपल्यापुरते अन्नवस्त्र पिकवावे, विणावे. वयस्क माणसांना त्यात थोडा विसावा लाभला. तरुणांना ते खोटे खोटे काम वाटले. याहोदा यांचे निवेदन योजनेच्या प्रमुखाला जिव्हारी लागले. त्याने त्यांच्या कुटुंबीयांना व्हिएन्नातून निसटण्यास मदत केली होती. म्हणून त्यांनी ते प्रसिद्धच केले नाही. ते छापले गेले १९८७ साली. शास्त्रापेक्षा कृतज्ञता मोठी मानावी की नाही, यावर मतभेद होतील. पण असा पेच ज्यांच्या वाट्याला येतो त्यांनी माणसांत राहून काम केलेले असते, एवढे निश्चित.

१९५८ साली याहोदा यांनी अमेरिकेतील एका आयोगासाठी मानसिक स्वास्थ्याच्या कल्पनेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. रोग नसणे म्हणजे स्वास्थ्य नव्हे. माणूस स्वतःकडे कसे पाहतो, भोवतालचे वास्तव त्याला कितपत उमगते, त्यावर त्याची कितपत पकड आहे, हे पाहिले पाहिजे, अशी त्यात मांडणी होती. १९८२ च्या पुस्तकात त्यांनी मारिएनतालचा धागा पुन्हा उचलला. नोकरीतून पगार मिळतो हे सर्वांना दिसते. पण दिवसाला आकार येतो, घराबाहेरच्या माणसांशी संबंध येतो, एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या कामात आपला हात लागतो, समाजात एक ओळख मिळते आणि हातपाय हलते राहतात, हे लाभ न मागता मिळतात आणि गेल्यावरच कळतात. कारखान्यातील काम चांगले असते असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते पुष्कळदा वाईटच असते. वाईट कामाशी झगडावे, कामापासून पळू नये, अशी त्यांची धारणा होती. २००१ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

राहता राहिला तो राज्यकर्त्यांचा प्रश्न: भत्ता द्यावा की काम? १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्राने तो आपल्या परीने सोडवला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत केला. तेथे चिंता पोटाची होती आणि ती असणे योग्यच होते. खड्डा खणणाऱ्याचा दिवस त्याच्या मनाला कसा वाटतो, हे हजेरीपटावर लिहावयाचा रकाना मात्र कुठल्याच योजनेत नसतो. तो रकाना ऑक्टोबर २०२० मध्ये उघडला गेला, आणि तोही त्याच ग्रामाटनॉयझीडलमध्ये. ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्याने तेथील दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला पगारी काम देऊ केले. येणे न येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सुतारकाम, बागकाम, ज्याला जे झेपेल ते. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन तुकड्या पाडून, आधी काम मिळालेले आणि अजून वाट पाहणारे यांची तुलना केली. उत्पन्न वाढले हे उघडच होते. त्याखेरीज दिवसाला आलेला आकार, माणसांतली ऊठबस आणि आपण कशात तरी सहभागी आहोत ही भावना, यांतही स्पष्ट सुधारणा आढळली. शरीराच्या आरोग्यात तेवढ्या अवधीत फरक दिसला नाही. प्रयोग २०२४ साली संपला. प्रश्नावलीतले कित्येक प्रश्न थेट याहोदा यांच्या मांडणीवरून घेतलेले होते. रस्त्याकडेच्या खिडकीत घड्याळ घेऊन बसण्याची या वेळी कुणाला गरज पडली नाही.